चोर तिजोरीत नव्हे, झेरॉक्सवर

महोदय,
गोपनीय सरकारी कागद चोरीला गेला, की रहस्यकथेतला गुप्तहेर आधी तिजोरीचं कुलूप तपासतो. आमच्या सोलापुरात तपासाला आला, तर त्याने थेट कचेरीसमोरचं झेरॉक्सचं दुकान गाठावं! यंत्राच्या काचेवर कुणाचा सातबारा, कुणाचं आधार कार्ड, तर कधी सही-शिक्क्याचं कार्यालयीन पत्रही पालथं विसरलेलं असतं. राफेल लढाऊ विमानांच्या खरेदीप्रकरणी मार्च २०१९ मध्ये महान्यायवादींनी (केंद्र सरकारच्या मुख्य वकिलांनी) सर्वोच्च न्यायालयात कागद चोरीला गेल्याचं सांगितलं आणि दोनच दिवसांत, मूळ कागद चोरीला गेले नाहीत, याचिकाकर्त्यांनी त्यांच्या छायाप्रती वापरल्या, असा खुलासा केला. म्हणजे फाईल जागच्या जागी, मजकूर मात्र गावभर. शासकीय गुपिते अधिनियम १९२३चा, इंग्रजांच्या काळातला, म्हणजे झेरॉक्सच्याही आधीचा. निदान गोपनीय कागदाची प्रत कुणी, कधी काढली याची नोंदवही तरी कार्यालयांनी ठेवावी.

– एक वाचक, उत्तर कसबा, सोलापूर