मैदान राखणाऱ्यांच्या सन्मानाबद्दल

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, गोल्फ मैदान राखणाऱ्या माणसांचा सन्मान करायचं क्लबच्या समितीने ठरवलं आणि यादी करायचं काम तुमच्याकडे आलं, हे वाचून फार बरं वाटलं. एकच विनंती आहे. ‘महिन्याचा उत्तम कामगार’ असा फोटो लावून विषय संपवू नका. त्यात एकाचं नाव होतं आणि बाकीचे दहा जण हिरमुसतात. शिवाय फोटो बहुधा त्याचाच लागतो, जो सगळ्यांच्या नजरेसमोर काम करतो.

नजरेआड राहतो तो गवत कापायच्या यंत्रांचा, म्हणजे मोवरचा, मेकॅनिक. ग्रीनवरचं, म्हणजे चेंडूच्या भोकाभोवतालच्या गुळगुळीत हिरवळीवरचं गवत साधारण 3 मिलिमीटरवर कापतात. तिथे अर्ध्या मिलिमीटरची चूकही गवत खरवडून काढते. मोवरचं रील (फिरणाऱ्या पात्यांचा रूळ) आणि खालचं स्थिर पातं यांच्यामध्ये कागदाची पट्टी धरून तो रील हाताने फिरवतो आणि पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्वच्छ कापली जाते का ते बघतो. पातं बोथट असेल तर गवत कापलं न जाता फाटतं, शेंडे पांढुरके पडतात, आणि खेळणारे खताला नाहीतर पाण्याला दोष देतात. जमिनीत हवा खेळावी म्हणून ग्रीनला बारीक भोकं पाडून वाळू पसरली की त्या वाळूने पाती आणखी लवकर झिजतात आणि त्याचं काम वाढतं. यादीत पहिलं नाव त्याचं असू द्या.

दुसरं म्हणजे, बक्षीस वेगाला देऊ नका. सर्वांत लवकर अठरा होलचं काम उरकणाऱ्याला पैसे दिले, तर पुढच्या आठवड्यापासून सगळेच घाई करतील. कपचंच बघा, म्हणजे चेंडूच्या भोकात बसवायच्या नळकांड्याचं. भोक 108 मिलिमीटर व्यासाचं असतं आणि कपची वरची कडा जमिनीच्या पातळीपासून किमान एक इंच खाली बसवावी लागते. घाईत ती वर राहिली तर मोवरचं पातं तिच्यावर आपटतं. भोकाची जागा बदलताना जुन्या भोकात बसवलेला गवतासकट मातीचा गड्डा उंच राहिला तर त्याच्यावरचं गवत खरवडलं जातं, खोल गेला तर तिथून जाणारा चेंडू वळतो. म्हणून तो गड्डा तळव्याने चाचपून, पाणी घालून, पुन्हा दाबून पाहणारा माणूस हेरा. तो सावकाश दिसेल, पण त्याच्या ग्रीनवर तक्रार येत नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मोवरची हायड्रॉलिक नळी फुटली की गरम तेलाचा पट्टा ग्रीनवर उमटतो आणि तिथलं गवत मरतं. चालकाने लगेच मशीन ग्रीनबाहेर काढून, थांबवून कळवलं, तर नुकसान एका पट्ट्यावर थांबतं. ओरडा बसेल म्हणून तो गप्प राहिला, तर पुढचे तीन ग्रीन जातात. स्वतःहून सांगणाऱ्याचं सर्वांसमोर कौतुक करा. त्याचा पगार तर मुळीच कापू नका.

बक्षीस काय द्यायचं, हे आईने विचारलं होतं. आई, सन्मानचिन्हं घरात धूळ खातात. पहाटे दवात काम असतं, त्यामुळे चांगले जलरोधक बूट दे, पण मापं आधी विचारून घे. त्याखेरीज भरपगारी सुटी. आणि फवारणीचं प्रशिक्षण ज्याला हवं असेल त्याची फी क्लबने भरावी, कारण ते शिकल्यावर त्याला वरची जागा मिळू शकते. रोख रक्कम द्यायचीच असेल तर सगळ्यांना सारखी, हंगामी माणसांनाही.

बाबा, समितीच्या सभासदांनी एक पहाट बंकर, म्हणजे मैदानातले वाळूचे खड्डे, सारखे करायला जावं, दंताळं हातात घेऊन. वाळू तळाला साधारण 10 ते 15 सेंटीमीटर राखताना काय लागतं, ते मग भाषणात आपोआप येईल. ‘सर्वांचे आभार’ म्हणण्यापेक्षा ‘सातव्या ग्रीनवर चेंडू आपटून पडलेले खड्डे तुम्ही कडेकडून मध्याकडे ढकलून बुजवता, खालून उचकटत नाही, म्हणून तिथली मुळं तुटत नाहीत’ असं नाव घेऊन सांगितलं, तर त्या माणसाला कळतं की आपलं काम कुणीतरी पाहिलं.

कार्यक्रम भोकं पाडण्याच्याच आठवड्यात ठेवा. तेव्हा ग्रीन खडबडीत असतात, तक्रारींचा पाऊस पडतो, आणि माणसं सर्वांत जास्त थकलेली असतात. वेळ मात्र त्यांची पाळी सुटल्यावरची नको, पगारी वेळेतली हवी.

तुमची लेक