येळवस झाली की पुण्याला यायचं

ती. अण्णा आणि आई,
सा. न.

फोनवर अण्णा नुसते 'हं, हं' करतात आणि आई त्यांना अर्धंच सांगते, म्हणून लिहिते. अण्णा, तुमच्या उजव्या कानात ऐकू येण्यासाठी कॉक्लियर इम्प्लांट नावाचं यंत्र बसवायचं आहे, त्या ऑपरेशनची तारीख आम्ही घेतली आहे. विचारलं असतं तर 'या वयात कशाला' एवढंच म्हणाला असता. येळवस, आपली वेळ अमावस्या, रानातच करू, आंबील पिऊ, मग निघायचं.

त्या कानाच्या नसेवरची गाठ काढायची नाहीये, हे आधी ऐका. ती कॅन्सरची नाही. व्हेस्टिब्युलर श्वानोमा म्हणतात. तोल सांभाळणाऱ्या नसेच्या आवरणातून येते, सहसा फार हळू वाढते. तुमची तर दोन्ही एमआरआयमध्ये तेवढीच दिसली. काढायला गेलं तर शेजारची ऐकण्याची नस दुखावण्याची भीती, आणि सगळी भिस्त तिच्यावरच आहे. डावा कान लहानपणीच्या तापात गेलेला. इतकी वर्षं आवाज न पोचलेल्या कानात इम्प्लांट बसवून फारसं हाती लागत नाही. म्हणून उजवाच.

कानाचं मशीन तुम्ही पेटीत ठेवून दिलंत, त्याबद्दल मी रागावलेली नाही. भोंगाच फाटका असेल तर आवाज वाढवून शब्द कसे कळणार? कॉक्लियर इम्प्लांटची बारीक तार कानाच्या आतल्या शंखात जाते आणि थेट नसेला संदेश देते. मात्र लगेच ऐकू येत नाही. जखम भरली की दोन-चार आठवड्यांनी बाहेरचं यंत्र सुरू करतात. आधी नुसती किरकिर, मग हळूहळू शब्द, आणि रोजचा सराव कित्येक महिने. गाठ असलेल्या कानात कुणाला छान कळतं, कुणाला कमी. आता उरलंसुरलं जे ऐकू येतं, तेही ऑपरेशनने जाऊ शकतं.

आणि भजन. पखवाजाचा ठेका कळेल, चाल पूर्वीसारखी लागेलच असं नाही. हे लिहायला फार जड गेलं. पण अण्णा, आताही तुम्ही मंडळींच्या ओठांकडे बघून टाळ वाजवता, मी पाहिलंय.

लहानपणी मी तापात नुसती कण्हले तरी ओसरीवरून उठून यायचात. 1993 च्या भूकंपाच्या त्या पहाटेही तुम्हीच आधी ओरडलात. तुमच्या त्या एका कानावर आमचं सगळं घर निवांत झोपायचं.

इथं खालच्या मजल्यावरची खोली तुमची. आईला जिना नाही. भाकरी ज्वारीचीच, करडईचं तेल आणून ठेवलंय, चहा तुमच्या वेळेला. बाज मात्र मिळाली नाही, पलंग आहे, गादी कडकच घेतली. रात्री यंत्र काढून चार्जिंगला लावायचं, ते काम नातवाने आत्ताच स्वतःकडे घेतलंय.

आई, कानात लसणाचं तेल आजपासून बंद. एक थेंबही नाही! न्यूमोनियाची लस ऑपरेशनआधी घ्यावीच लागते, त्यात वाद नको. रक्त पातळ करायची गोळी अण्णांनी मनाने बंद करायची नाही, डॉक्टर सांगतील तेव्हाच. अंधारात मोटार चालू करायला विहिरीकडे जायचं नाही. गाठीमुळे तोल जातो, पाय घसरायला वेळ लागत नाही. गाठीवर लक्ष ठेवायला एमआरआय पुढेही करावा लागेल. इम्प्लांटमध्ये चुंबक असतो, त्याने त्या बाजूचं चित्र झाकोळतं, म्हणून डॉक्टर तो जरा मागे बसवणार आहेत. तपासणीला जाताना इम्प्लांटचं कार्ड खिशात हवंच.

पैशांचं आमचं जमलंय. खालच्या रानाचा विषय काढलात तर मी जेवणार नाही.

रेल्वेची खालची दोन तिकिटं काढली आहेत. ज्वारीचं पोतं आणायचं नाही, हमाल शोधत बसावं लागतं. हुरडा आणलात तर चालेल.

तुमची,
ताई