वाणिज्यमंत्री साहेब, अमेरिकेत पगारातून कापलेले आमचे पैसे कुठे गेले?

माननीय केंद्रीय वाणिज्यमंत्री साहेब,

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकची. अमेरिकेत न्यू जर्सीत एच-वन-बीवर, म्हणजे तिथल्या नोकरीच्या व्हिसावर, काम केलं, व्हिसाची सहा वर्षं संपली, कंपनीने ग्रीन कार्डाची, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याची, फाइल पुढं नेलीच नाही म्हणून परत आले. परवा अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटीचं, म्हणजे पगारातून कापून चालणाऱ्या तिथल्या सरकारी पेन्शन योजनेचं, माझं स्टेटमेंट उघडलं. क्रेडिट, म्हणजे केलेल्या नोकरीचे गुण, पुरेशी नाहीत, पेन्शन मिळणार नाही, असं त्यात आहे. त्या रात्री झोप लागली नाही.

तिथं शिकत होते तोवर हे कापत नव्हते, एफ-वनवाल्यांना, म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्यांना, पहिली पाच वर्षं सूट असते. एच-वन-बी झालं आणि पहिल्याच पेस्लिपवर 6.2 टक्के सोशल सिक्युरिटी, 1.45 टक्के मेडिकेअर, म्हणजे म्हातारपणच्या सरकारी आरोग्य विम्याचे. लाख डॉलर पगार असेल तर वर्षाला 7,650 डॉलर आपले, तेवढेच कंपनीचे. वर्षाला जास्तीत जास्त 4 क्रेडिट मिळतात, पेन्शनला 40 लागतात आणि व्हिसा सहा वर्षांचा, म्हणजे 24 वरच सगळं संपतं. पैसे घेताना त्यांना हे माहीत नसतं का? इन्कम टॅक्स जास्त कापला गेला तर रिटर्न भरून परत मिळतो, भारत-अमेरिकेतल्या 1989 च्या डबल टॅक्स टाळण्याच्या करारामुळे तिथं भरलेला टॅक्स इथल्या टॅक्समधून वजापण होतो, पण सोशल सिक्युरिटी त्या करारात धरलेलीच नाही. गेले ते गेले. माझ्या ओळखीतल्या काही जणांचा तर इथला पीएफपण चालू होता, दोन्हीकडे कापून घेतलं.

ते पैसे माझ्या हातात असते तर आईच्या ऑपरेशनला कर्ज काढावं लागलं नसतं. ते हप्ते मी आजही भरतेय, आणि नाशिकमध्ये तो पगार नाही साहेब.

यावर इलाज आहे, त्याला टोटलायझेशन करार म्हणतात. अमेरिकेने तो 30 देशांशी केलाय, जर्मनी, जपान, दक्षिण कोरिया, ब्राझील सगळे त्यात आहेत. असा करार असला की तिथली किमान 6 क्रेडिट असली तरी दोन्ही देशांतली नोकरी एकत्र धरतात आणि थोडी का होईना पेन्शन मिळते. आपणही बेल्जियम, जर्मनी, जपानशी असे करार केलेत, 2025 मध्ये ब्रिटनशी तिथल्या अशा कपातीतून तीन वर्षं सूट देण्याचं ठरलं. मग अमेरिकेचंच घोडं कुठं अडलं? जानेवारी 2024 मध्ये दिल्लीत ट्रेड पॉलिसी फोरमची, म्हणजे दोन्ही देशांच्या व्यापारमंत्र्यांची, बैठक झाली, संयुक्त निवेदनात या करारावर चर्चा चालू असल्याचं लिहिलं. चर्चा आम्ही किती वर्षं ऐकायची? 2023 मध्ये अमेरिकन सफरचंद, बदाम, अक्रोडावरची जादा ड्युटी तुम्ही काढलीत, तेव्हा त्या बदल्यात आमचा विषय का मार्गी लावला नाहीत? दरवर्षी भारतीयांचे अब्जावधी डॉलर तिथं अडकतात असं पेपरात येत असतं.

आणि अमेरिका काय कारण देते? तिच्या कायद्याला समोरच्या देशात सगळ्या लोकांना लागू असलेली सामाजिक सुरक्षा हवी असते आणि भारतात ती नाही म्हणे. राग इथंच येतो, कारण हे खरं आहे! 20 पेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानाला पीएफ बंधनकारक नाही. आमच्या गल्लीतला किराणा दुकानात जन्म घालवलेला माणूस, बांधकामावरच्या बायका, घरकाम करणाऱ्या ताई, यांना म्हातारपणी काय आहे? तुम्ही इथल्या लोकांना काही दिलं नाहीत म्हणून तिथं गेलेल्यांचंही बुडतंय, आणि निवडणुकीच्या भाषणात मात्र आम्ही परदेशातून पाठवलेल्या डॉलरचा अभिमान सांगता.

मला मेहेरबानी नको. ही बोलणी कुठल्या मुद्द्यावर अडलीत ते संसदेत सांगा. आणि करार होईल तेव्हा आधी कापलेली वर्षंही धरली पाहिजेत, नुसती पुढची नाहीत, नाहीतर माझ्यासारख्या परत आलेल्यांना त्याचा काडीचा उपयोग नाही.

लेखी उत्तराची वाट बघतेय.

आपली,
नाशिकची एक नागरिक