तासांचा आकडा बघून पायलट घेऊ नका

संपादक महाशय,
नवी मुंबईचं एअरपोर्ट चालू झाल्यापासून आमच्या उलव्यात जो तो एव्हिएशन एक्स्पर्ट झालाय, आणि सध्या चर्चा एकच की दोनशे तास उडवलेली पोरं कंपन्या डायरेक्ट एअरबसमधे बसवतात, आपला जीव काय वर आलाय का! भीती कळते, पण अहो त्या पोराच्या हातात एकट्याच्या कोणी विमान देत नाही. २०० तासांवर सीपीएल म्हणजे कमर्शियल पायलटचं लायसन्स, मग टाईप रेटिंग म्हणजे त्या ठराविक विमानाचं ट्रेनिंग, सिम्युलेटर, मग ट्रेनर कॅप्टनच्या शेजारी बसून ट्रेनिंग, आणि त्यानंतरही कित्येक वर्षं उजवीकडचीच सीट, म्हणजे को-पायलटची.

अमेरिकेने २००९ च्या बफेलोजवळच्या अपघातानंतर १५०० तास कंपल्सरी केले, पण त्या विमानातल्या दोघा पायलटांचेही तास त्याहून जास्तच होते. स्टॉलची, म्हणजे वेग कमी पडून पंखांची उचल जाण्याची, वॉर्निंग आली आणि कॅप्टनने स्टिक पुढे ढकलायची सोडून मागे ओढली.

आमच्या बिल्डिंगमधल्या एकाचं लॉगबुक मी बघितलंय. पानंच्या पानं नुसती सर्किट, तोच रनवे, तेच छोटं सेस्ना, उडायचं, फिरून यायचं, उतरायचं. असे अजून हजार तास भरले तर बापाचं कर्ज वाढेल, पोराला जेटचं काय डोंबल कळणार? ज्याच्या घरी पैसा त्याचे तास जास्त, एवढंच होणार.

आणि आपल्याकडचा कोझिकोडचा विमान अपघात आठवा, ऑगस्ट २०२०. पाऊस, मागून वारा, टेबलटॉप रनवे, म्हणजे डोंगर सपाट करून केलेला, टोकाला सरळ उतार. कॅप्टनचे १०,००० च्या वर तास, फर्स्ट ऑफिसरचे (को-पायलटचे) त्याच्या पाव पण नाहीत, पण चौकशी अहवाल सांगतो की 'गो अराउंड', म्हणजे उतरू नका, परत वर घ्या, असं म्हणाला तो फर्स्ट ऑफिसरच. ते ऐकलं गेलं नाही, जवळपास अर्धा रनवे संपल्यावर चाकं टेकली आणि २१ माणसं गेली, त्यात हे दोघंही.

म्हणून माझं म्हणणं, भरतीच्या वेळी पोराला सिम्युलेटरमधे जुलैतला पाऊस लावून द्या, शेजारी मुद्दाम चुकणारा सिनियर बसवा आणि बघा हा तोंड उघडतो की 'येस सर' करत बसतो, आणि जो बोलतो आणि वेळ आली तर कंट्रोल पण घेतो त्याला खुशाल घ्या, तास दोनशे का असेनात. फक्त दोन्ही सीटवर नवखे एकत्र टाकू नका म्हणजे झालं.

– एक वाचक, उलवे, नवी मुंबई