आधी बसथांबे मोकळे करा, मग उड्डाणपुलाचे बघू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूरच्या वाहतूक कोंडीवरचा कालच्या अंकातला पानभर लेख वाचला. तावडे हॉटेलकडून शहरात येणारा उड्डाणपूल, रिंग रोड, बहुमजली पार्किंग, सिग्नल, सगळे आले. नकाशाही छान रंगीत होता. बसथांब्याबद्दल मात्र त्यात एक ओळ नाही. लेखकमहाशय अभ्यासू आहेत, त्यांच्याविषयी आदरच आहे. पण ते स्वतः बसमध्ये शेवटचे कधी चढले होते, तेवढे लेखाखाली छापले असते तर आमच्यासारख्यांना बरे वाटले असते.

गेल्या आठवड्यात सासूबाईंना डोळ्याच्या डॉक्टरांकडे राजारामपुरीत घेऊन गेले होते. मोतीबिंदू काढल्यानंतरची तपासणी. तिथून निघून मुख्य रस्त्यावरच्या थांब्यावर आलो. वर पत्र्याचे छप्पर, आणि खाली सावलीत कपड्यांच्या एका बड्या दुकानाच्या वॉचमनची खुर्ची. जिथे बसने लागायचे तिथे ओळीने मोटारी उभ्या, त्यांच्या बाहेरच्या अंगाला मोपेडींची आणखी एक रांग. वॉचमन शिट्टी मारून एका नव्या गाडीला मागे घेत होता, "येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे." मी म्हटले, "अहो, इथे बस लागते." तर म्हणाला, "मावशी, कस्टमरची गाडी हाय. धा मिंटात जातीया." जणू आम्ही तिथे हवा खायला उभ्या होतो.

बस आली. ती लागणार कुठे? राहिली रस्त्याच्या मधोमध उभी. बस फूटपाथला टेकून उभी राहिली तर पायरी चढायला सोपी पडते. डांबरावरून तीच पायरी म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्याला येते. हे नकाशात दिसत नाही. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, अंगावर नऊवारी, डोळ्यांवर तो काळा चष्मा. मोटारींच्या बोळातून वाट काढत निघालो तर पदर एका मोपेडच्या ब्रेकच्या दांडीत अडकला. मी तो सोडवतेय आणि मागून हॉर्नचा नुसता गलका. कंडक्टर भला माणूस. "आज्जी, सावकाश या, बस कुठं जात न्हाई," म्हणत खाली उतरला आणि हाताला धरून त्यांना वर घेतले. तोवर मागे पार लांबपर्यंत गाड्या तुंबल्या. एक बुलेटवाला खिडकीशी येऊन ड्रायव्हरला म्हणाला, "तुझ्या बाचा रस्ता हाय काय?" ड्रायव्हर गप्प राहिला. वॉचमनची शिट्टी चालूच होती, त्याला मात्र कोणी काही विचारले नाही.

आता त्या दिवशीची कोंडी नक्की कोणी केली? मागे अडकलेल्या प्रत्येकाने बसलाच शिव्या घातल्या असणार. घरी जाऊन सांगितलेही असेल, की या बसगाड्यांनी शहराची वाट लावली. बसथांब्यावर गाडी लावायला कायद्याने बंदी आहे, हे कळायला वकील लागत नाही. पण क्रेन येते ती दुचाक्या उचलायला. मोठ्या गाडीपाशी आली की तिला एकदम गिअर सापडत नाही. आणि शहरात हे एकाच ठिकाणी आहे असेही नाही. बिंदू चौक घ्या, गंगावेश घ्या, दसरा चौक ते सीपीआर रुग्णालय घ्या. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच आले याचा आनंद आम्हालाही झाला, इतकी वर्षे त्यासाठी वकिलांबरोबर सगळे गाव भांडले. १८ ऑगस्ट २०२५ पासून काम सुरू झाले, सहा जिल्ह्यांचे पक्षकार इथे यायला लागले. त्यांनी एसटीने यावे आणि पुढे केएमटीने, म्हणजे महापालिकेच्या शहर बसने, जावे असे वाटत असेल, तर बसला उभे राहायला जागा नको?

केंद्राच्या पीएम ई-बस योजनेत कोल्हापूरला १०० बस मंजूर आहेत. बातम्या आम्ही वाचतो. चार्जिंग, डेपो, सगळ्याची चर्चा होते. बस विजेवर चालो नाहीतर डिझेलवर, ती त्या मोटारींच्या रांगेबाहेरच उभी राहणार असेल तर सासूबाईंना त्याचे काय? एसी बसमधून रस्त्याच्या मधोमध उतरायचे, एवढाच फरक.

आसपासची गावे शहरात घ्यायची की नाही, त्या हद्दवाढीच्या भांडणात मी पडत नाही. १९७२ साली महापालिका झाली तेव्हापासून ते घोडे अडलेलेच आहे. पण वाद पेटला की पहिली भाषा निघते, ती 'गावांची केएमटी बंद करा' अशी. पाचगाव, कळंबा, उचगाव, उजळाईवाडीची माणसे बस नाही म्हणून कामावर यायची थांबणार आहेत का? ती दुचाकी काढतात, शहरात येतात आणि ती कुठे लावतात, तर बसथांब्यावर! कोणाला धडा शिकवला हे त्या पुढाऱ्यांनाच ठाऊक.

याच शहराने टोलविरुद्ध वर्षानुवर्षे मोर्चे काढले आणि २०१५ च्या डिसेंबरात सरकारला टोल रद्द करतो म्हणायला लावले. त्या मोर्चांना मीही गेले होते. रस्त्यांसाठी पैसे द्यायचे नाहीत हे ठासून सांगितले, ठीकच झाले. आता त्याच रस्त्यांची कडेची पट्टी ज्याला हवी त्याने फुकटात घेतली आहे, आणि त्यावर कोणाचा एक फलकही दिसत नाही.

संपादक महाशय, तुम्हालाही थोडे ऐकून घ्यावे लागेल. कोंडीवरचा लेख आत, आणि बाहेर पहिल्या पानाला गुंडाळलेली आख्खी जाहिरात मोटारीची, हप्ता म्हणे खिशाला परवडणारा. दसऱ्याला किती गाड्या रस्त्यावर आल्या ही बातमी तुम्ही दरवर्षी कौतुकाने छापता. त्या गाड्या उभ्या कुठे राहणार, हे एखाद्या वर्षी त्याच बातमीत विचारून बघा.

जमल्यास एक करा. तुमच्या छायाचित्रकाराला एक दिवस कॅमेरा घेऊन शहरातल्या बसथांब्यांवर पाठवा आणि रोज एक फोटो छापा, गाडीचा नंबर दिसेल असा. उड्डाणपुलापेक्षा स्वस्त पडेल.

आणखी एक. मागे मी याच विषयावर पत्र पाठवले होते. ते छापलेत, आभार. पण दुकानदारांच्या गाड्यांविषयीचा परिच्छेद तेवढा नेमका गाळला गेला, आणि फुलेवाडीचे 'फुलेवाडा' झाले. या वेळी जागेअभावी कापायचेच असेल तर कौतुकाच्या ओळी कापा, त्या फारशा नाहीतच.

आपली,
एक जुनी वर्गणीदार, फुलेवाडी (वाडा नव्हे), कोल्हापूर