मुलांचे जुलाब थांबत नसतील तर प्लीज वाचा

नमस्कार मंडळी, आपल्या विंगमधे दोन-तीन लहान मुलांचे जुलाब आठ-दहा दिवस झाले तरी थांबत नाहीयेत, त्यात माझा धाकटा पण आहे, ताप नाही पण शी पातळ, तेलकट, भयंकर वासाची आणि पोट सारखं फुगलेलं, शेवटी स्टूल टेस्टमधे जिआर्डिया निघाला. हा परजीवी पाण्यातून पसरतो आणि क्लोरीनने सहजासहजी मरत नाही, त्यामुळे टाकीत औषध टाकलंय म्हणून निर्धास्त राहू नका, प्यायचं पाणी खळखळून उकळल्यावर निदान 1 मिनिट तरी तसंच उकळू द्या. शाळेत फेब्रुवारीत जंताची गोळी झालीये म्हणून मी आधी दुर्लक्ष केलं, पण ती एक गोळी यावर पुरत नाही, याचं औषध डॉक्टरांकडूनच घ्या, मेडिकलमधून मनाने आणू नका. एका सॅम्पलमधे कधी कधी दिसत नाही, मग वेगवेगळ्या दिवशी तीन द्यावे लागतात. तोवर ओआरएस पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, अर्धं पाकीट ग्लासात अंदाजाने नको. झिंक पूर्ण 14 दिवस, जुलाब थांबले तरी. डायपर बदलल्यावर हात साबणानेच धुवा, सॅनिटायझरवर भागवू नका. आणि जुलाब चालू असलेल्या मुलांना पूलमधे अजिबात सोडू नका, कळकळीची विनंती आहे. रविवारी टाकी साफ करून घेतोय, सकाळीच पाणी भरून ठेवा.