मासेमारीबंदी ट्रॉलरपुरतीच?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोव्यात १ जूनला ६१ दिवसांची मासेमारीबंदी लागते आणि ट्रॉलर जेटीला बांधले जातात. आमच्या ताटातला इसवण (सुरमई) मात्र जागचा हलत नाही. गेल्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेलो, तर इसवण, बांगडे, सुंगटे (कोळंबी) सगळे हजर. "खंयचें गो?" (कुठले गं?) म्हणून मासळीवालीला विचारले. "भायलें," म्हणजे बाहेरचे, एवढेच उत्तर मिळाले. तिच्या पाठीमागे थर्मोकोलचे खोके छातीपर्यंत रचलेले, त्यांतून बर्फाचे लालसर पाणी ठिबकत गटारात चालले होते.

पूर्व किनाऱ्यावरची बंदी १४ जूनला संपते. तिकडची मासळी मग ट्रकांत भरून घाट उतरते. विणीचा हंगाम म्हणून इथला समुद्र मोकळा सोडायचा आणि कसर शेकडो किलोमीटरवरून भरून काढायची, हा कसला हिशेब? २०१८ च्या जुलैत फॉर्मेलिनवरून रान उठले, तेव्हा सरकारने बाहेरची मासळी काही दिवस अडवलीही होती. पण तेव्हा काळजी आपल्या पोटाची होती, समुद्राची नव्हे.

आमच्या घरी मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, गडबड असायची. सुके बांगडे, गालमो (सुका जवळा), सोलां (आमसुले), चिंच, मिरच्या. आई डब्यांना फडकी बांधून ठेवायची आणि पावसाळाभर त्यातून थोडे थोडे काढायची. जोडीला टायकिळा (टाकळा), फागलां (कर्टोली), फणसाच्या घोट्या (आठळ्या). पेय म्हणजे सोलकढी. गोड फसफसणाऱ्या बाटल्या घरात येत नसत. तक्रार आम्ही मुले करायचो, पण जेवायचोही.

मी काही साव नाही. पाहुणे आले म्हणून गेल्या जुलैत मीही इसवणाच्या कापांना नको तेवढे पैसे मोजले. परवा तर टायकिळ्याच्या दोन जुड्या घेतल्या, केळीच्या सोपाने नीट बांधलेल्या, आणि वर प्लास्टिकची पिशवी मागितली. "घरांतल्यान पोती हाडूंक कितें जाता?" (घरून पिशवी आणायला काय होते?) भाजीवालीने विचारले. काय बोलणार!

तांदळाचेही तेच. खाजन शेतातला, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातला, कोरगूट तांदूळ खाऱ्या जमिनीत रासायनिक खताशिवाय पिकतो. तो कोणी घेतला नाही तर शेतकरी बांध कशाला दुरुस्त करील? बांध फुटला की खारे पाणी थेट शेतात. आणि आपण मात्र 'ऑरगॅनिक'चा शिक्का पाहून दूरवरच्या तांदळाची चकचकीत पाकिटे उचलतो.

एक सुचवतो. दर पावसाळ्यात मासळी महागल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात येतात. त्यात भावाशेजारी ती मासळी गोव्याची की परराज्यातली, एवढे तरी छापता येईल का? बाजारातही पालिकेने फळीवर तशी पाटी लावायला सांगावे. खडूने लिहिलेली चालेल.

— एक वाचक, बार्देश